इंग्लंडमधलं घर भाड्याने देताना एजंटची फी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न पाठवणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक, स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी राहणारे, मोठं घर घेतल्यावर पहिला फ्लॅट न विकता भाड्याने दिलेले. दुसरे, आठ-दहा वर्षांनी पुण्याला किंवा ठाण्याला परतलेले, पण तिकडचं घर ठेवलेले. दोघांचं दुखणं एकच: दरमहा एजंटचा हिशेब येतो आणि भाड्यातले इतके पैसे गेले कुठे ते कळत नाही. खालची उत्तरं इंग्लंडपुरती आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडसाठी प्रश्न १४ पाहा.

१. लेटिंग एजंट नेमकं काय करतो आणि किती घेतो?

तीन पायऱ्या असतात. नुसता भाडेकरू शोधून देणं. शोधून देऊन वर दरमहा भाडं गोळा करणं. आणि संपूर्ण व्यवस्थापन, म्हणजे नळ गळला तरी फोन त्यालाच. संपूर्ण व्यवस्थापनाला लंडनबाहेर साधारण १० ते १५ टक्के अधिक व्हॅट सांगतात, लंडनमध्ये त्याहून जास्त. नुसत्या शोधाला कुणी ठरावीक रक्कम घेतं, कुणी अर्ध्या किंवा एका महिन्याचं भाडं, कुणी वर्षाच्या भाड्यावर टक्के. ऑनलाइन एजंट बरेच स्वस्त पडतात, पण घर दाखवायला बहुतेक वेळा तुम्हालाच जावं लागतं. पुण्यातून ते कसं करणार, हा विचार आधी करा.

२. फीमध्ये खरंच घासाघीस चालते का? दरपत्रक तर छापलेलं असतं.

चालते. फी किती असावी हे कुठल्याही कायद्याने ठरवलेलं नाही. मंडईत मेथीच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घेणारे आपण, इथे गुळगुळीत कागदावर छापलेला आकडा दिसला की गप्प होतो. तो आकडा बोलणीची सुरुवात असते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. फोनवर बोलणाऱ्या पोऱ्याला सूट देण्याचा अधिकार बहुधा नसतो, तो शाखेच्या मॅनेजरकडे असतो. आणि आधी किमान तीन एजंटांना घर दाखवून तिघांचे लेखी आकडे हातात घ्या. "दुसरीकडे स्वस्त आहे" असं मोघम म्हणण्यापेक्षा "अमुक सेवेसाठी सगळं धरून वर्षाला अमुक पौंड" असं म्हटलं की बोलणं सरळ होतं. गॅसचं प्रमाणपत्र, विजेची तपासणी आणि ऊर्जा प्रमाणपत्र आधीच करून ठेवलं असेल तर तेही सांगा. एजंटचं काम तेवढं कमी झालेलं असतं.

एक सापळा: काम मिळवायला काही एजंट जास्त भाड्याचं गाजर दाखवतात. "बाकीचे १,४०० म्हणतात, आम्ही १,५५० आणून देऊ." मग घर सहा आठवडे रिकामं राहतं आणि शेवटी १,४०० लाच जातं. भाड्याचा अंदाज आणि फी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून तपासा.

३. "बारा टक्के" म्हणजे खरोखर किती जातात?

बारा टक्क्यांवर २० टक्के व्हॅट, म्हणजे १४.४ टक्के. महिना १,४०० पौंड भाडं असेल तर २०१ पौंड ६० पेन्स. निवासी भाडं व्हॅटमुक्त असल्याने हा व्हॅट तुम्हाला परत मिळत नाही. एखाद्या छोट्या एजंटची उलाढाल व्हॅट नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर तो व्हॅट लावत नाही. अशा वेळी त्याचे तेरा टक्के दुसऱ्याच्या बारांपेक्षा स्वस्त पडतात.

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार एजंटने आपली सगळी फी करासह दुकानात आणि संकेतस्थळावर लावलीच पाहिजे. ते पान बोलणीआधी छापून ठेवा. तोंडी सांगितलेला आकडा आणि पानावरचा आकडा जुळत नसेल तर बोलायला विषय आयताच मिळतो.

४. मग टक्के कमी करून घ्यायचे की वरचे खर्च?

माझं मत विचाराल तर वरचे खर्च. बहुतेक जण उलट करतात, म्हणून इथे आकडे मांडतो.

वरच्याच उदाहरणात १२ चे १० टक्के करून घेतले, तर वर्षाला ४०३ पौंड वाचतात. बरे आहेत. पण या घराचं भाडं दिवसाला ४६ पौंड पडतं. म्हणजे कमी फी घेणाऱ्या एजंटने भाडेकरू आणायला नऊ दिवस जास्त लावले की बचत संपली. शिवाय एजंटची फी भाड्याच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा होते. ४० टक्क्यांच्या कर-टप्प्यात असाल तर ४०३ मधले खिशात राहतात सुमारे २४२.

आता कराराच्या मागच्या पानाकडे या. समजा करारनामा तयार करण्याचे २५० पौंड, इन्व्हेंटरीचे (घरातल्या सामानाच्या आणि स्थितीच्या यादीचे) १५०, वर्षात दोन पाहण्या प्रत्येकी ६० प्रमाणे, डिपॉझिट नोंदणीचे ४०, वर्षअखेरच्या हिशेबाचे ४०. झाले ६००. यातलं करारनामा, डिपॉझिट नोंदणी आणि हिशेब हे "संपूर्ण व्यवस्थापना"त धरलेलंच असायला हवं, असं म्हणायला काहीच हरकत नाही, आणि एजंट इथे टक्क्यांपेक्षा लवकर वाकतात. कारण टक्केवारी हा त्यांच्या शाखेचा मोजला जाणारा आकडा असतो. किरकोळ फी माफ केली तर वरच्या साहेबाला सहसा कळतही नाही.

म्हणून मी एकच वाक्य लिहून पाठवतो: "पहिल्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षी, व्हॅट धरून, एकूण किती पौंड?" दुसऱ्या वर्षाचा आकडा आवर्जून मागा. पाणी तिथेच मुरतं.

५. एजंट म्हणतो, काही फी भाडेकरूकडून घेऊ. चालेल का?

नाही. टेनंट फीज अॅक्ट २०१९ हा १ जून २०१९ पासून लागू आहे. भाडेकरूकडून भाडं, डिपॉझिट, घर धरून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकी राखीव रक्कम आणि हरवलेल्या किल्लीसारखे मोजके खर्च सोडून काहीही घेता येत नाही. वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिटची मर्यादा पाच आठवडे, त्यापुढे सहा. हा कायदा आल्यावर पूर्वी भाडेकरूकडून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याचशा फी घरमालकाच्या कागदावर आल्या. "आम्ही संदर्भ तपासणीचे (म्हणजे भाडेकरूच्या नोकरीची, आधीच्या घरमालकाकडची चौकशी) वेगळे पैसे घेतो" हे वाक्य तिथूनच आलेलं आहे.

६. भाडेकरू तोच, घर तेच, तरी दरवर्षी "रिन्यूअल फी" का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मीही पहिली तीन वर्षं ती मुकाट्याने भरली. बदल्यात काय मिळालं? तारीख बदललेला तोच कागद.

२००९ साली लंडनच्या उच्च न्यायालयात फॉक्स्टन्स या मोठ्या एजंट कंपनीविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. ग्राहकांचे हक्क जपणाऱ्या सरकारी फेअर ट्रेडिंग कार्यालयाने तो दाखल केला होता. छापील करारात बारीक अक्षरात दडवलेली नूतनीकरणाच्या कमिशनची अट ग्राहक असलेल्या घरमालकावर अन्याय्य ठरते, असं न्यायालयाने म्हटलं. पण "रिन्यूअल फी बेकायदा झाली" असा याचा अर्थ नाही. अट ठळकपणे, डोळ्यांसमोर दाखवली असेल तर ती टिकू शकते. आणि हे संरक्षण "ग्राहका"ला आहे. नोकरी सांभाळून एखादा फ्लॅट भाड्याने देणारा सहसा त्यात बसतो, वीस घरांचा धंदा करणारा बसत नाही.

आता तर या फीचा पायाच गेला आहे. रेंटर्स राइट्स अॅक्ट २०२५ नुसार १ मे २०२६ पासून ठरावीक मुदतीचे निवासी करार संपतात. सगळे करार महिन्यामागून महिना चालणारे होतात. मुदतच नाही, तर नूतनीकरण कशाचं? हे लेखी विचारा. उत्तर म्हणून बहुधा "भाडे-आढावा फी" नावाची नवी ओळ येईल. भाडं आता वर्षातून एकदाच, कलम १३ ची नोटीस देऊन, दोन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन वाढवता येतं. तो फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो भरून पाठवण्यासाठी थोडे पैसे मागितले तर ठीक, पण वाढलेल्या भाड्यावर टक्के मागितले तर स्पष्ट नाही म्हणा. वाढलेल्या भाड्यावर त्याची मासिक फी आपोआप वाढतेच.

७. शोधण्याची फी पूर्ण वर्षाच्या भाड्यावर आगाऊ घेतली, आणि भाडेकरू चार महिन्यांत गेला. पैसे परत मिळतील?

करारात लिहिलं असेल तरच. म्हणून हा मुद्दा सहीआधीचा.

पूर्वी बारा महिन्यांचा करार असायचा, तेव्हा वर्षाच्या भाड्यावर ८ टक्के आगाऊ मागण्यात काही तर्क होता. आता भाडेकरू अगदी पहिल्या दिवसापासून दोन महिन्यांची नोटीस देऊ शकतो. १,४०० च्या घरावर ही फी व्हॅट धरून १,६१२ पौंड ८० पेन्स होते. चार महिन्यांत घर रिकामं झालं तर त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे १,०७५, तुम्ही न मिळालेल्या भाड्यावर दिलेले असतात.

तीन पर्याय मागता येतात: फी दरमहा भाड्यातूनच कापणं, न वापरलेल्या महिन्यांची परतफेड, किंवा ठरावीक महिन्यांच्या आत भाडेकरू गेला तर दुसरा फुकट शोधून देणं. मी पहिला निवडतो, कारण त्यात परत मागायला जावं लागत नाही. तिसरा ऐकायला छान वाटतो, पण "फुकट"मध्ये इन्व्हेंटरी आणि संदर्भ तपासणी धरली आहे का ते विचारा. सहसा धरलेली नसते.

८. दुरुस्तीच्या बिलात एजंट कमिशन खातो का?

काही जण घेतात, आणि ते करारात लिहिलेलं असतं: कंत्राटदाराच्या बिलावर १० किंवा १२ टक्के "देखरेख". लिहिलेलं असेल तर ते बोलणीत काढून टाकता येतं. न सांगता खात असेल तर गोष्ट वेगळी. एजंट हा तुमचा प्रतिनिधी असतो, आणि मालकाला अंधारात ठेवून नफा काढणं प्रतिनिधीला इंग्लिश कायद्यात मुळीच चालत नाही.

कागदावर दोन गोष्टी घ्या: अमुक पौंडांवरच्या कामाला आधी तुमची लेखी संमती (मी १५० ठेवतो), आणि प्रत्येक कामाचं मूळ बिल. एकदा मला धुराच्या अलार्मची बॅटरी बदलल्याचे ६५ पौंड लावले होते. मूळ बिल मागितल्यावर पुढच्या महिन्यात ते निमूटपणे वजा झाले. बॉयलर, पाणीगळती, वीज यांसारख्या तातडीच्या कामाला मात्र संमतीची अट घालू नका. तुम्ही पुण्यात झोपलेले असाल आणि इथे छत टपकत असेल.

९. करारावर सही करून बसलो, आता काही करता येईल का?

सही घरी बसून किंवा ईमेलने केली असेल आणि तुम्ही ग्राहक या व्याख्येत बसत असाल, तर ग्राहक करारांच्या २०१३ च्या नियमांनुसार १४ दिवसांत करार रद्द करता येतो. तुमच्या संमतीने काम आधीच सुरू झालं असेल तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागू शकतात. चौदा दिवस उलटले असतील तर नोटिशीचा काळ आणि किमान मुदत बघा. तरीही बोलून पाहायला हरकत नाही. चालू मालक गमावणं एजंटलाही परवडत नाही.

१०. एजंट बदलायचाय, पण भाडेकरू चांगला आहे. तो राहू दे असं वाटतं.

इथे एक काटा असतो. बऱ्याच करारांत "आम्ही आणलेला भाडेकरू राहील तोवर आमचं कमिशन चालू" अशी अट असते. म्हणजे काम नवा एजंट करणार आणि टक्के दोघांना. ही अट सहीआधीच काढा, किंवा फार तर पहिल्या बारा महिन्यांपुरती ठेवा. आधीच अडकला असाल तर ती किती ठळक दाखवली होती हे पाहा. प्रश्न ६ मधला तर्क इथेही मांडता येतो.

बदलताना डिपॉझिट विसरू नका. ते तीनपैकी एका मान्यताप्राप्त योजनेत असतं, पण बहुधा जुन्या एजंटच्या खात्यावर. हस्तांतर नीट झालं नाही आणि डिपॉझिट असुरक्षित राहिलं, तर त्याच्या एक ते तीन पटींपर्यंतचा भुर्दंड तुमच्यावरही येऊ शकतो. डिपॉझिटचं प्रमाणपत्र, इन्व्हेंटरी, राइट टू रेंट तपासणीच्या (भाडेकरूला इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेण्याचा हक्क आहे ना, हे पाहणाऱ्या सक्तीच्या तपासणीच्या) प्रती आणि किल्ल्या, एवढं हातात आल्याशिवाय शेवटचा हिशेब मिटवू नका.

११. मंडळातल्या ओळखीच्या कुटुंबाला घर दिलं, तरी एजंट फी मागतोय. द्यावी लागेल?

करारात "एकमेव भाडे हक्क" अशा अर्थाचे शब्द असतील तर बहुधा हो, भाडेकरू तुम्ही शोधला असला तरी. नुसती "एकमेव एजन्सी" असेल तर स्वतः शोधलेल्यावर सहसा फी लागत नाही. सहीआधी शक्यता असलेल्या दोन-तीन कुटुंबांची नावं वगळून घ्या. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताना ठरलेले व्यवहार असे बरेच असतात. घर ओळखीत गेलं तरी राइट टू रेंट तपासणी आणि डिपॉझिट नोंदणी करावीच लागते. "आपलीच माणसं" म्हणून ती सोडू नका.

१२. फक्त भारतीय शाकाहारी कुटुंब हवं, असं एजंटला सांगितलं तर तो जादा पैसे घेईल का?

जबाबदार एजंट पैसे घेणार नाही आणि काम तर करणारच नाही. वंशावरून भाडेकरू निवडणं समता कायदा २०१० च्या विरुद्ध आहे. २०१७ मध्ये केंटमधल्या एका घरमालकाला न्यायालयाने मनाईहुकूम बजावला. "करीचा वास येतो" म्हणून भारतीय आणि पाकिस्तानी भाडेकरू नकोत, असं त्याने एजंटला कळवलं होतं. तेव्हा आपण सगळे भडकलो होतो. तोच नियम आपल्यालाही लागू होतो.

१३. मी आता पुण्यात राहतो. एजंट भाड्यातून २० टक्के कर कापतो आणि वर त्याचीही फी लावतो. हे बरोबर आहे का?

कापणं बरोबर आहे. तुमचं नेहमीचं वास्तव्य ब्रिटनबाहेर असेल (वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ बाहेर), तर अनिवासी घरमालक योजनेखाली एजंटने खर्च वजा जाता उरलेल्या भाड्यावर मूळ दराने कर कापून एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) भरायचा असतो. पण एनआरएल १ हा अर्ज करून कर न कापता भाडं घेण्याची परवानगी मिळते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांनी वेगवेगळे अर्ज करायचे. परवानगी म्हणजे करमाफी नव्हे. रिटर्न भरावंच लागतं, आणि भारतात करासाठी पूर्ण निवासी (ऑर्डिनरिली रेसिडेंट) ठरल्यावर हे उत्पन्न तिथेही दाखवावं लागतं.

आता फी. कर कापत असेल तर एजंटला दर तिमाहीला कागद भरावे लागतात, म्हणून तिमाही फी समजण्यासारखी आहे. परवानगी आल्यावर एजंटकडे फक्त वर्षाचा अहवाल उरतो. तरीही तिमाही फी चालू राहिलेली मी अनेक हिशेबांत पाहिली आहे. परवानगीपत्राची तारीख दाखवून तेव्हापासूनची फी परत मागा.

१४. सगळ्यात स्वस्त एजंट घेतला तर काय बिघडलं? आणि वेल्स-स्कॉटलंडमध्ये हेच लागू का?

स्वस्त असायला हरकत नाही, पण दोन गोष्टी तपासा. तो ग्राहकांच्या पैशांच्या संरक्षण योजनेत आहे का (१ एप्रिल २०१९ पासून सक्ती), आणि प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस या तक्रार निवारण योजनांपैकी एकीचा सदस्य आहे का (१ ऑक्टोबर २०१४ पासून सक्ती). पहिली नसेल आणि एजंट बुडाला, तर भाडं तर जातंच, वर भाडेकरूचं डिपॉझिटही तुम्हाला खिशातून द्यावं लागू शकतं. फीवरून वाद झाला तर आधी एजंटकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर एजंट ज्या योजनेत असेल तिच्याकडे जा. तिथे फुकट होतं.

वेल्समध्ये रेंट स्मार्ट वेल्सची नोंदणी लागते. स्कॉटलंडमध्ये एजंटांची सरकारी नोंदवही आहे आणि तक्रार लवादाकडे जाते. घासाघीशीची रीत मात्र सगळीकडे सारखीच.

१५. भाडेकरूच घर विकत घेतोय. एजंट विक्रीवरही कमिशन मागतोय!

जुन्या करारांत ही ओळ असायची: आम्ही आणलेल्या भाडेकरूने घर घेतलं तर विक्री किमतीवर अमुक टक्के. फॉक्स्टन्सच्या निकालात हीसुद्धा अट अन्याय्य ठरली होती, तरी ती अजून अधूनमधून दिसते. विक्रीचं काहीही काम न करता तीन लाखांच्या घरावर २ टक्के म्हणजे व्हॅटआधीच ६,००० पौंड. तुमच्या करारात "विक्री" हा शब्द शोधा. सापडला तर ती ओळ खोडा, शेजारी दोघांची आद्याक्षरं घाला, आणि मगच शेवटच्या पानावर सही करा.